परवाना आणि पुरुषार्थ

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

गोष्ट बेळगावची आहे, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची. एका लहानशा कारखान्यात लोखंडी नांगर तयार होऊन पडले होते. ते घडवणाऱ्याने स्वतःची पुंजी त्यात घातली होती, भावाची घातली होती, आणि गिऱ्हाईक मात्र फिरकत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरलेल्या शेतकऱ्याच्या मनात भय होते की, लोखंड लागले तर जमिनीला विष चढेल आणि काळी आई नापीक होईल. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

नांगर घडवणाऱ्याचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचे नाव पुढे घराघरांत पोहोचले, म्हणून ही दोन वर्षे आज सुखान्त कथेतील एखाद्या प्रसंगासारखी वाटतात. परंतु त्या वेळी त्या घरात ती कशी गेली असतील, ह्याचा क्षणभर विचार करावा. धंद्यात न विकलेला माल हा नुसता माल नसतो. ते कर्ज असते, नातेवाइकांचे टोमणे असतात, रात्रीची झोप असते. ह्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी एक गोष्ट केली नाही. लाकडी नांगरावर बंदी घाला, किंवा प्रत्येक गावाने आमचाच नांगर घ्यावा असा हुकूम काढा, असे सांगायला ते कोणा साहेबाच्या दारात गेले नाहीत. ते शेतकऱ्याच्या दारात जात राहिले. शेतकऱ्याला ‘नको’ म्हणण्याचे स्वातंत्र्य होते आणि लक्ष्मणरावांना पुन्हा येऊन विचारण्याचे. मुक्त बाजारपेठ ह्या शब्दाभोवती आज मोठमोठे ग्रंथ उभे राहिले आहेत. पण तिचे मूळ बीज पाहायचे असेल, तर बेळगावच्या परिसरातील एका बांधावर उभ्या असलेल्या ह्या दोन माणसांकडे पाहावे. दोघेही स्वतंत्र आहेत, दोघांनाही एकमेकांवर सक्ती करता येत नाही, आणि म्हणूनच एकाला दुसऱ्याचे मन जिंकावे लागते.

नोकरी सोडणारा माणूस

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगाव परिसरातील गुर्लहोसूरचा. त्यांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे कळले की, त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या वाटेवर ह्याहून मोठी धोंड कोणती? त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरल्या. यांत्रिक आरेखन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पगाराची, मानाची, सुरक्षित नोकरी. पण बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली आणि लक्ष्मणराव डावलले गेले. अपमान गिळून खुर्ची सांभाळणारे त्या काळी हजारो होते आणि त्यांना दोष देता येणार नाही, कारण खुर्चीवर घर चालत होते. लक्ष्मणरावांनी खुर्ची सोडली.

त्यांच्या पाठीशी एक माणूस उभा होता, थोरले बंधू रामुअण्णा. १८८८ मध्ये ह्या भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले होते. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, चालवायलाही शिकवायच्या. सायकलीतून यंत्रे हाताळण्याची सवय आली, त्या सवयीतून कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. पदवी नव्हती, परदेशी तज्ज्ञ नव्हता, सरकारी योजना तर नव्हतीच. निरीक्षण होते, चिकाटी होती आणि चुकण्याची तयारी होती.

माणसाच्या स्वातंत्र्याचा विचार करताना आपल्याकडे बहुधा भाषणाचे, लेखनाचे, मतदानाचे स्वातंत्र्य डोळ्यांपुढे येते. ती अमूल्य आहेतच. पण सामान्य माणूस आयुष्यातील बहुतेक तास पोटापाण्याच्या कामात घालवतो. ते काम कोणते करावे, कोणाकडे करावे, कोणत्या दिवशी सोडावे आणि स्वतःचे काय उभारावे, हे ठरवण्याचा अधिकार नसेल, तर त्याच्या स्वातंत्र्याचा मोठा हिस्सा कागदावरच राहतो. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला, तो स्वातंत्र्याचा उच्चार होता. त्यासाठी त्यांना सभा घ्यावी लागली नाही.

औंधच्या राजाने काय केले आणि काय केले नाही

नांगराचे नाव होऊ लागले, तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी होती. बिऱ्हाड उचलणे एक वेळ सोपे, कारखाना उचलून न्यायचा कोठे?

त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. ते स्वतः उत्तम चित्रकार होते. चित्रकार होता होता राहिलेल्या कारखानदाराची आणि ह्या चित्रकार राजाची तार जुळली, ह्यात नवल नाही. त्यांनी कुंडल रोड ह्या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन म्हणजे काय, तर माळरान. निवडुंग आणि साप. १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव आपली माणसे घेऊन त्या माळावर उतरले आणि किर्लोस्करवाडी वसली.

राजाने जमीन दिली, कर्ज दिले, विश्वास दिला. पण कोणते यंत्र किती बनवायचे, कोणाला कामावर घ्यायचे आणि नांगर काय भावाने विकायचा, हे औंधच्या दरबारात ठरत नव्हते. कारखाना बुडाला असता, तर त्याचा दोष लक्ष्मणरावांचा होता; चालला, तर त्याचे यश त्यांचे होते. राज्यसंस्थेने उद्यमाशी कसे वागावे ह्याचा हा एक वस्तुपाठच म्हणावा लागेल. ह्याच बाळासाहेबांनी पुढे १९३९ मध्ये आपल्या संस्थानातील सत्ता राज्यघटना देऊन प्रजेच्या हाती सोपवली. लोकांवर विश्वास टाकण्याची वृत्ती एकच होती. आधी ती एका कारखानदाराच्या वाट्याला आली, नंतर सगळ्या प्रजेच्या.

आणि किर्लोस्करवाडीत माणसे कोण जमली? अनंतराव फळणीकरांचे शालेय शिक्षण पुरे झाले नव्हते, ते कल्पक यंत्रज्ञ झाले. के. के. कुलकर्णी विद्यार्थी म्हणून अपयशी ठरले होते, ते कारखान्याचे व्यवस्थापक आणि अडीअडचणींचे निवारक झाले. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या दोघांवर तर लक्ष्मणरावांनी पहाऱ्याचेच काम सोपवले आणि त्यांनी त्या विश्वासाला तडा जाऊ दिला नाही. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. परीक्षेने नापास केलेली, समाजाने बाजूला टाकलेली ही माणसे कामाने मोठी झाली. ज्याला स्वतःच्या कारखान्यातून उत्तम यंत्र बाहेर पडायला हवे आहे, तो हातातील कसब पाहतो. जात आणि प्रमाणपत्र पाहत बसला, तर नुकसान त्याचेच आहे. समतेची शिकवण देणारे ग्रंथ आपल्याकडे पुष्कळ आहेत. भट्टीच्या धगीपुढे शेजारी शेजारी उभे राहून ती शिकवण अंगी बाणते, हे ह्या वाडीने दाखवले.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लोखंड आटले. तेव्हा लक्ष्मणरावांनी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींकडून संस्थानातील जुन्या, निकामी तोफा मिळवल्या आणि त्या वितळवून नांगर केले. ही युक्ती कोणत्याही नियोजन मंडळाच्या टिपणात सापडली नसती. गरज ज्याच्या छातीवर बसलेली असते, त्यालाच जुन्या तोफेत नांगर दिसतो.

ही परंपरा उसनी नव्हे

खासगी उद्यम आणि बाजार ह्या पाश्चात्त्यांकडून आलेल्या गोष्टी आहेत, आपल्या मातीचा स्वभाव त्याहून वेगळा आहे, असे अनेक जण प्रामाणिकपणे मानतात. त्यांनी एकदा नाशिकजवळची पांडवलेणी पाहावीत. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने तीन हजार कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली. कोठे ठेवली? राजाच्या खजिन्यात नव्हे. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक ह्या दराने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण ह्या दराने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस कार्षापणे, आणि त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा मिळायची होती. हिशेब आजही जुळतो. शिवाय हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून रिवाजाप्रमाणे नोंदवला, असेही लेख सांगतो.

ह्या एका शिलालेखात केवढा अर्थव्यवहार सामावला आहे! राजाचा जावई मागावर बसणाऱ्यांच्या संघटनेवर भरवसा ठेवतो. दोन श्रेणींचे व्याजदर वेगवेगळे आहेत. ठेव मोडायची नाही, ही अट आहे. आणि राज्यव्यवस्थेचे काम कोणते, तर व्यवहाराची नोंद ठेवणे आणि करार पाळला जाईल ह्याची हमी देणे. कापड कसे विणावे हे कोणी अधिकारी सांगत नव्हता. जुन्नरच्या लेण्यांतही बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे असेच उल्लेख आहेत.

पुढे स्वराज्यात काय विचार होता? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकार आणि व्यापारी ह्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते राज्याचे भूषण आहेत, त्यांच्यामुळे राज्य आबादान होते, त्यांना उपद्रव होऊ देऊ नये, परमुलखातूनही त्यांना आणून वसवावे, असा त्याचा आशय आहे. त्याच वेळी, व्यापाराच्या आडून राज्य बळकावू पाहणाऱ्या टोपीकरांपासून सावध राहावे, असेही अमात्य बजावतात. शिवछत्रपतींनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेल्या पत्रात बारदेशहून येणाऱ्या मिठावर जकात वाढवण्यास सांगितले आहे, तेही स्वराज्यातील मिठागरे बसू नयेत म्हणून. म्हणजे आतील व्यापाऱ्याला मोकळीक आणि बाहेरच्या सत्तेपुढे जागरूकता, असे ते धोरण होते. स्वदेशी आणि उद्यमाचे स्वातंत्र्य ह्यांत वैर नाही, हे त्या जुन्या कागदांतून दिसते. धर्म, अर्थ, काम, मोक्ष ह्या चौघांत अर्थाला आपल्या पूर्वजांनी पुरुषार्थ म्हटले, ते उगीच नव्हे.

परवानगीचे युग

मग हा प्रवाह अडला कोठे? स्वातंत्र्य मिळाल्यावर राज्यकर्त्यांपुढे दारिद्र्य अफाट होते आणि हेतू चांगले होते, ह्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. १९५१ मध्ये उद्योग (विकास व नियमन) कायदा झाला. नवा कारखाना काढायचा, असलेला वाढवायचा, नवी वस्तू बनवायची, कारखाना एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा, तर अनुसूचीतील उद्योगांना केंद्राचा परवाना लागू लागला. भागभांडवल किती आणि काय किमतीने विकायचे, हे ठरवायला वेगळा नियंत्रक होता. आयातीला परवाना, परकीय चलनाला परवाना. १९६९ मध्ये मक्तेदारीविरोधी कायदा आला. आयकराचा कमाल दर अधिभारासह १९७३-७४ मध्ये ९७.७५ टक्क्यांपर्यंत चढला; वरच्या टप्प्यातील शंभर रुपयांमागे मिळवणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये उरत.

आता एक कल्पना करू. लक्ष्मणराव १९१० ऐवजी १९६० च्या सुमारास बेळगाव सोडून निघाले असते तर? जागा बदलायला अर्ज. नांगराबरोबर उसाचा चरक आणि शेंगा फोडण्याचे यंत्र करायचे, तर पुन्हा अर्ज. ओतकामाच्या लोखंडाचा कोटा. आणि ह्या सर्वांसाठी दिल्लीच्या फेऱ्या, ज्याला सायकलीचे दुकान सोडून दिल्लीला जाणेच परवडणारे नाही त्याने मारायच्या. ‘ही वस्तू देशाला हवी आहे का’ हा प्रश्न बांधावरच्या शेतकऱ्याला विचारण्याऐवजी मंत्रालयातील अधिकाऱ्याला विचारला जाऊ लागला. शेतकरी नाही म्हणाला, तर नांगर सुधारता येतो. फाइल नाही म्हणाली, तर काय सुधारायचे?

ह्या व्यवस्थेने मोठ्यांना आवर घातला, अशी एक समजूत आहे. वस्तुस्थिती उलट होती. आर. के. हजारी ह्यांनी १९६७ मध्ये सरकारलाच दिलेल्या अहवालात दाखवले की, बडी औद्योगिक घराणी परवाने आधीच पदरात पाडून घेत आणि कारखाना उभा न करताही इतरांची वाट अडवून ठेवत. परवाना हे धाकट्याचे संरक्षण नव्हते, तो थोरल्याचा कोट होता. १९४४ च्या मुंबई योजनेत सरकारी नियोजनाला मान्यता देणारे तर देशातील नामांकित उद्योगपतीच होते, हेही विसरू नये. उद्योगपती नेहमीच मुक्त स्पर्धेच्या बाजूने असतात, असे मुळीच नाही. स्पर्धा हवी असते गिऱ्हाइकाला आणि अजून दारात पोहोचायच्या असलेल्या नव्या माणसाला.

लघुउद्योगांसाठी वस्तू राखून ठेवण्याचे धोरण १९६७ मध्ये ४७ वस्तूंनी सुरू झाले आणि ती यादी आठशेच्या वर गेली. हेतू धाकट्यांना आधार देण्याचा. परिणाम असा की, धाकट्याने मोठे होणे हाच अपराध ठरला. लेकराला पांगुळगाडा द्यावा, पण चालू लागल्यावरही तो काढून घेऊ नये, असा तो प्रकार होता. त्या यादीतील अखेरच्या २० वस्तू मोकळ्या व्हायला २०१५ साल उजाडले.

वेळीच इशारा देणारे नव्हते असे नाही. दुसऱ्या योजनेच्या आराखड्यावर बी. आर. शेणॉय ह्यांनी १९५५ मध्ये एकट्याने भिन्नमत नोंदवले. पं. दीनदयाळ उपाध्यायांनी १९५८ मध्ये दोन्ही योजनांची परखड चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. राजाजींनी १९५९ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, स्वतंत्र पक्ष काढला आणि परवाना-परमिट-कोटा राज्य असे ह्या व्यवस्थेचे नामकरण केले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव आयुष्यभर ह्या नियंत्रणांविरुद्ध उघडपणे बोलत राहिले. ऐकले मात्र गेले ते १९९१ मध्ये, देशाचे सोने गहाण टाकायची वेळ आल्यावर. २४ जुलै १९९१ रोजी नरसिंह राव सरकारने औद्योगिक धोरण जाहीर केले आणि १८ उद्योग वगळता परवाना पद्धत रद्द झाली. दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्या ह्या देशात तेव्हा सुमारे पन्नास लाख जोडण्या होत्या. आज शंभर कोटींहून अधिक मोबाइल जोडण्या आहेत. माणसे तीच, बुद्धी तीच. दारावरचा अडसर तेवढा निघाला.

ज्याचा अडसर निघालाच नाही

पण येथे थांबून टाळ्या वाजवाव्यात, अशी स्थिती नाही. बांधावरच्या त्या दोन माणसांपैकी एकाची सुटका झाली. दुसऱ्याचे काय?

महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात पिकवलेला कापूस सरकारशिवाय कोणाला विकायचा नाही. शेजारच्या राज्यात चांगला भाव असला, तरी सीमेपलीकडे न्यायचा नाही. नेला तर तो चोर. ही एकाधिकारशाही तीस वर्षे चालली. चाकणच्या परिसरात कांद्याचे आंदोलन उभे करणारे शरद जोशी स्वित्झर्लंडमधील संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेची नोकरी सोडून, आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेतकरी झाले होते. शेतकऱ्याला भीक नको, त्याच्या घामाचे दाम त्याला मिळू द्या, हे त्यांचे म्हणणे साधे होते. शेतकरी तोट्यात आहे, कारण त्याला मोकळेपणाने विकू दिले जात नाही, हा विचार त्यांनी गावोगाव नेला. २०१५ मध्ये ते गेले, प्रश्न राहिला.

सप्टेंबर २०२० मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी झाली, ती मे २०२४ मध्ये उठली आणि शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ पासून. सरकार कोणत्या पक्षाचे हा येथे प्रश्नच नाही. सगळ्यांनी हेच केले आहे, कारण शहरातील मध्यमवर्गाला कांदा स्वस्त हवा असतो. भाव कोसळतात तेव्हा शेतकऱ्याने बाजाराचे नियम सोसायचे आणि भाव चढतात तेव्हा सरकारचे, हा कोणता न्याय? आपल्या मुलाला सॉफ्टवेअर परदेशात विकण्याचे स्वातंत्र्य असावे आणि लासलगावच्या शेतकऱ्याला कांदा विकण्याचे नसावे, असे वाटत असेल, तर आपली स्वातंत्र्यनिष्ठा अजून कच्ची आहे.

लोभाचा प्रश्न

आणखी एक आक्षेप टाळून चालणार नाही. बाजार मोकळा सोडला की लोभही मोकाट सुटतो, भेसळ होते, मक्तेदाऱ्या निर्माण होतात, चंगळवाद घरात शिरतो. ह्यात तथ्य आहे. दीनदयाळजींनी भांडवलशाही आणि साम्यवाद ह्या दोहोंवर टीका केली, ती दोहोंत सत्ता आणि संपत्ती थोड्या हातांत एकवटते म्हणून. पण ह्याच टीकेतून निष्कर्ष असा निघतो की, निर्णय लाखो हातांत विखुरलेले असावेत. असंख्य लहान उद्योजक, असंख्य गिऱ्हाइके आणि त्या सर्वांवर सारखा चालणारा कायदा.

राज्यसंस्थेचे काम त्यामुळे संपत नाही, ते अधिक कठीण होते. फसवणुकीला शिक्षा, करारभंगाच्या खटल्याचा वेळेत निकाल, रस्ता, पाणी, वीज, शाळा आणि देशाच्या सीमांचे रक्षण ही कामे तिने चोख केली पाहिजेत. मात्र कागद उशिरा भरल्याबद्दल कारखानदाराला तुरुंगाची भीती घालणे, हे तिचे काम नव्हे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदींमधील फौजदारी स्वरूप काढून टाकले किंवा सौम्य केले. इतक्या तरतुदी सौम्य कराव्या लागल्या, ह्यावरूनच आधी किती होत्या, हे ध्यानी यावे.

लोभाला अंतिम लगाम मात्र कायद्याने लागत नाही, संस्काराने लागतो. शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या हाती पहाऱ्याची काठी देणारा कारखानदार नफा कमावतच होता. तो केवळ नफ्याचा माणूस नव्हता. स्वातंत्र्य नसलेल्या माणसाचे सदाचरण म्हणजे नाइलाज असतो. ज्याला वाईट वागण्याची मोकळीक असूनही जो माप पुरे घालतो, त्याच्याच वागण्याला चारित्र्य म्हणतात.

घरातला परवाना

सज्जनहो, शेवटी सरकारकडून घराकडे वळू. दिल्लीतील परवाना पद्धत १९९१ मध्ये पुष्कळशी मोडली. मराठी मध्यमवर्गाच्या घरातील परवाना पद्धत मात्र अजून बरीचशी शाबूत आहे. मुलगा नोकरी सोडून स्वतःचे काही करायचे म्हणाला की, घरात सुतकी शांतता पसरते. मुलगी म्हणाली, तर तिच्या लग्नाची काळजी आधी सुरू होते. स्थळ पाहताना ‘पक्की नोकरी’ हा पहिला रकाना असतो. एकदा धंदा बसला की, तो माणूस आयुष्यभर चार नातेवाइकांच्या बोलण्यात उदाहरण म्हणून राहतो.

ह्या भीतीची टिंगल करणे योग्य नाही. काटकसरीने घर उभे केलेल्या आईबापांची ती भीती असते आणि ती अनुभवातून आलेली असते. प्रत्येकाने कारखाना काढावा असेही नाही. प्रामाणिक नोकरी हाही पुरुषार्थच आहे. पण ज्याच्या अंगात ती उर्मी आहे, त्याला दोन वर्षे देण्याचे सामर्थ्य आपल्या घरांत आहे काय? लक्ष्मणरावांच्या कथेत आपण लक्ष्मणरावांकडे पाहतो आणि रामुअण्णांना विसरतो. न विकलेल्या नांगरांच्या त्या दोन वर्षांत हा थोरला भाऊ धाकट्याच्या पाठीशी उभा राहिला. त्याने ते दुकान, तो कारखाना आपला मानला. स्वातंत्र्य एकेका व्यक्तीचे असते हे खरे. पण ते पेलण्याचे बळ पुष्कळदा कुटुंबातून येते. ते बळ आपल्या समाजाकडे वारशाने आलेले आहे. जो समाज मुलाच्या शिक्षणासाठी दागिने मोडतो, त्याला मुलाच्या उद्योगासाठी थोडा धीर धरणे अवघड जाऊ नये.

पुणे-मिरज मार्गावर आजही एक स्थानक लागते. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड होते, आता पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे. त्या माळावर आज निवडुंग नाही. पुढच्या वेळी गाडी तेथे थांबली, तर शेजारी बसलेल्या मुलाला वा नातीला ती पाटी दाखवावी. कारखान्याची गोष्ट नंतर सांगितली तरी चालेल. आधी विकल्या न गेलेल्या नांगरांची सांगावी, आणि त्या दोन वर्षांत ‘आता पुरे झाले, नोकरी धर’ असे न म्हणणाऱ्या थोरल्या भावाची.